पिवळा सॉकेट

चार वर्षं काळी चिकटपट्टी होती त्या दिव्यावर.
मीच लावलेली, कसारा घाटात एका रात्री,
डोळ्यात खुपतो म्हणून.

वडाळा नाक्यावर तजम्मुलनं ती नखानं सोलली.
खाली लाल माणूस,
पोटाशी लाल गोळा धरून बसलेला,
जळतच होता.

"आधी बॅटरी सोडवू. मग दहा मिनिटं हात लावायचा नाही.
वायर काढली तरी फुग्यात करंट उरतो."

दहा मिनिटं.
तो घड्याळ बघत राहिला, मी बोनेटवरची धूळ.
"डाव्या सीटवर कोण बसतं?"
बायको, म्हटलं. पहाटे, भाजी घेऊन, पंचवटीपर्यंत.
तो काही बोलला नाही.

सीटखाली जॅक. मीच कोंबलेला.
त्याच्या धक्क्यानं पिवळा सॉकेट निसटलेला,
शेजारी मेथीची वाळकी काडी, तिची एक पिन.

आता चावी फिरवली की दिवा लागतो,
सहा मोजेपर्यंत,
विझतो.
इंजिनचा अजून आहे. तो दिवाळीनंतर.

सकाळी ती चढली, पट्टा ओढला,
म्हणाली, पट्टी कुठे गेली?

म्हणजे तिला ठाऊक होतं.