कौल

भिंत पडली त्या रात्री समुद्रावरून वारा सुटला होता.
पहाटे ओब्दुलियाच्या कोबीवर दगडांचा खच
आणि एलादियोच्या लिंबोणीचं पानसुद्धा हललेलं नाही.
एवढ्यावरून सुरुवात.

ती म्हणाली, जुनी भिंत माझ्यात वीतभर घुसली होती.
तो म्हणाला, वीतभर खरं, पण माझ्यात.
मग अकरा वर्षं.
दोन वकील, तीन नकाशे, एक मोजणीदार.
त्याच्या यंत्राला धुक्यात काही दिसेना,
बिल मात्र त्यानं दोघांनाही पाठवलं,
पूर्ण.

खिंडार तसंच राहिलं.
कोंबड्या त्यातून जायच्या-यायच्या,
वाटेल तिथे अंडी घालायच्या.
आणि ही दोघं रविवारी चर्चमधून
एकाच वाटेनं घरी,
एक पुढे, दुसरं पन्नास पावलं मागे.

मी गवंडी.
आमच्या गॅलिसियात जमिनीपेक्षा बांध जास्त.
चार गुंठ्यांना पाच वारस,
प्रत्येकाला एक झाड, अर्धी विहीर
आणि एक अख्खं भांडण.

मला कुणी विचारलंच नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
हद्दीच्या दगडाखाली साक्षीदार पुरलेले असतात.
छपराचं एक लाल कौल घ्यायचं,
गुडघ्यावर आपटून तीन तुकडे करायचे,
खड्ड्यात ठेवायचे, वर दगड रोवायचा.
दगड काय, कुणीही रात्री सरकवतो.
तुकड्यांचा पत्ता कुणाला असतो?
ते कौल माझ्या बापानं मोडलं होतं.
मी आठ वर्षांचा.
कंदील माझ्या हातात होता.

शेवटी ओब्दुलियाच आली, मार्चमध्ये.
"वकील मेला," म्हणाली, "नवा महाग आहे. भिंत बांधतोस?"
"कुठं?"
ती गप्प.
मी कुदळ घेतली आणि एलादियोला हाक मारली.

दगडाखाली काही नव्हतं.
नुसती काळी माती, एक गांडूळ.
मग मी कंदिलाच्या आठवणीनं चाललो,
विहिरीच्या काठापासून सात पावलं,
मुलाची सात, म्हणजे माझी आता चार,
आणि लिंबोणीच्याही पलीकडे
कोपरभर खोल खणलं.
तुकडे निघाले.
धुतले, जुळवले, सांध्यावरून बोट फिरवलं,
बोटाला सांधा लागेना.
कौल लागला.

दगड कुणी सरकवला, विचारू नका.
सरकवणारे सगळे आता चर्चमागे झोपलेत,
तिथली हद्द पक्की आहे.

ओब्दुलियानं वीतभर मागितलं होतं,
मिळालं चांगलं दोन हात,
लिंबोणीसकट.

एलादियो कुणाकडेच बघेना.
झाड साबेलानं लावलेलं,
माहेराहून तेलाच्या डब्यातून आणलेलं,
बसमध्ये मांडीवर धरून.
ती गेल्यापासून हा संध्याकाळी
पालथ्या खोक्यावर तिथे बसतो,
आणि ओब्दुलियाच्या स्वयंपाकघराला खिडकी एकच,
ती नेमकी त्या बाजूला.

तिनं तुकडे ओच्यात घेतले, पुसले,
जसे बशीचे पुसावेत तसे.
"परत ठेव," म्हणाली. "होते तिथेच. वर माती ओढ."
"आणि भिंत?"
"कोबीपर्यंत सरळ आण.
मग झाडाला माझ्या बाजूनं वळसा घाल.
मग ये परत."

एलादियो घसा खाकरला.
आता आभार मानेल, मला वाटलं.
"वळशाला दगड जास्त लागतील," तो म्हणाला.
"लागतील. चाळीसेक."
"ते कोण देणार?"

झालं.
कोबी निघाला, कोंबड्या निघाल्या,
अकरा वर्षांपूर्वीचं एक फावडं निघालं
जे कुणी तरी परत केलं नव्हतं.
मी दोरी ताणून बसलो, ऐकत.
तोंडावर तोंड ठेवून भांडत होती,
वकिलाविना.

वीस दगड तिचे, वीस त्याचे,
माझी मजुरी दोघांत अर्धी, थोडी लिंबांत.
दोरीला वळण येत नाही,
तेवढा भाग मी डोळ्यानंच बांधला.

आता वाटेवरून जाणारे थांबतात.
भिंतीला पोट आलंय, म्हणतात,
हात चुकला की काय रे तुझा?
मी म्हणतो,
हो.