बाण

खानापुरात तहसीलसमोर माझं दुकान,
झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म.
पाटीवर मोठं कन्नड, खाली बारीक मराठी,
इंग्रजी रंगवाल्याच्या मनानं:
त्यानं एन उलटा काढलाय.

बुधवारी अकराला बाण गेला.
लाईट होती, पडदा होता, फॉर्म अर्धा भरला होता.
फक्त तो पांढरा, सुपारीच्या कातरणाएवढा,
नव्हता.

समोर गर्लगुंजीचे लुमाण्णा, चौथा हेलपाटा.
उताऱ्यावर कुण्या शिकल्यासवरल्यानं
त्यांचं नाव सुधारून लक्ष्मण करून ठेवलंय.
मागं नीलव्वा, पेन्शनसाठी.
ती माझ्या खांद्यावरून वाकली:
"एल्ली होत री?"
"गोत्तिल्ल," मी म्हणाले.

माऊस उपडा केला. पोटाखाली लाल दिवा,
म्हणजे जीव आहे.
वायर उपसली, शेजारच्या भोकात घातली, फुंकर मारली.
(फुंकरीनं काही होत नाही.
मारल्याशिवाय हात राहत नाही.)
कंट्रोल दाबलं, बाण असेल तिथं गोल उमटतो.
कुठंच उमटला नाही.
मशीन बंद करून चालू करावं
तर भरलेलं सगळं जातं, आणि इथला सर्व्हर एकदा सुटला
की जेवणानंतरच भेटतो.

मग टॅब.
टॅब म्हणजे पंगतीत वाढणं,
एका पानाला वगळून पुढच्याला जाता येत नाही.
हेसरू. तंदेय हेसरू. ग्राम. सर्वे नंबर.
हात चुकून पुढं गेला
की शिफ्ट धरून माघारी.
ही अक्षरं मला शाळेनं शिकवली नाहीत,
एसटीच्या पाट्यांनी शिकवली,
म्हणून मी अजून
गावाचं नाव वाचावं तशी फॉर्म वाचते.

'ग्राम'पाशी होते
तेवढ्यात भिंतीआडून, घरातून, मनस्वीची हाक:
"आई, टीव्हीत कोण हिंडूलालंय बघ!"

आत टीव्ही निळा, रिकामा,
आणि उजव्या कोपऱ्यात
हिसके खाऊन दमलेला बाण.

शनिवारी वैजूनं कबड्डीची फायनल बघायला
खिडकीतून वायर ओढली होती.
सामना झाला, कप कुणी नेला तेही विसरलो, वायर राहिली.
मशीन धरून बसलंय की आपल्याला पडदे दोन,
उजवीकडं भिंत नाहीच,
पुढं अजून जागा आहे.
मी इकडं जे जे केलं, हलवलं, आपटलं, उपडं केलं,
ते सगळं त्यानं तिकडं इमानानं भोगलं.

मी दुकानात येऊन बसले. पोर आत उभी.
"डावीकडं. अजून. खाली चाललाय, वर घे.
हां, आता कडेला आला…"

"गेला!" आतून मनस्वी.
"बंत, बंत!" बाहेरून नीलव्वा.
दोघी एकदमच.

लुमाण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

दुसरा पडदा मी यादीतून काढला.
मशीननं एक चौकट पुढं केली:
बदल ठेवायचा का? पंधरा सेकंद.
उत्तर नाही दिलं तर होतं तसं करणार.
चौदा. तेरा.

"काय इचारूलालंय ते?"
"असंच राहू दे की आधीसारखं करू, म्हणतंय."
लुमाण्णा पडद्याजवळ सरकले,
आकडे उतरताना बघत राहिले.
"इचारतंय तरी," म्हणाले.

सहा असताना मी दाबलं.

मग नाव. एकेक अक्षर मोठ्यानं बोलून,
ण्णा दोनदा तपासून.
पावती साठ रुपये. सुट्टे नव्हते;
नीलव्वानं दिले, तिचे मी शुक्रवारी वळते करणार.

वायर अजून खिडकीतच आहे.
वैजू म्हणतो राहू दे,
पुढच्या महिन्यात परत सामने आहेत.