प्रश्न एकेचाळीस

शौचालय उपलब्ध आहे का?
पुढे दोन चौकटी.
मी तासाला ऐंशी मलोटीवर आणलेला दुभाषी,
मासेरूच्या जीन्स कारखान्यात,
जेवणाच्या सुट्टीतली बारा मिनिटं उरलेली.

लिनेओ समोर बसली. नखं निळी,
वाळूनं घासूनही न जाणारी.
कागदाकडे तिनं पाहिलंच नाही.
म्हणाली, किल्ली ताबानेच्या गळ्यात असते,
शिट्टीसारखी, लाल दोरीत.
मागायला गेलं की तो आधी भिंतीवरचा आकडा बघतो
(तासाला नव्वद चेनी),
मग आपल्याकडे. मग परत आकड्याकडे.
म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नाही.
सातवा आहे मला.
हेही सांग त्यांना.

मी सांगायला तोंड उघडलं.
काचेपलीकडे ताबाने उभा,
दोरी बोटाला गुंडाळत, सोडत.
ऑडिटवाली बाई वाईट नव्हती,
उगाच कशाला खोटं बोलू.
आणखी दोन कारखाने, मग रात्रीचं विमान.
म्हणाली, थोडक्यात?

थोडक्यात, मी म्हणालो, आहे.

चार महिन्यांनी दूरच्या एका देशात
कुणीतरी जकातीचा आकडा बदलला.
आमचं नाव त्यांना नीट उच्चारता येतं की नाही
कोण जाणे.
फाटकाला साखळी लागली.
आतली सगळी दारं म्हणे सताड उघडी आहेत,
वॉचमन सांगतो,
कुणीही कुठंही जावं.

कारखान्यामागचा ओढा
पहिल्यांदाच पाण्याच्या रंगाचा झाला.
लिनेओच्या मामाच्या मेंढ्यांची तोंडं
हिवाळाभर शाई प्यायल्यासारखी दिसायची,
ती आता पांढरी.
मामा मात्र मेंढ्या विकायला काढतोय,
कारण घरात येणारा पगार
त्याच ओढ्यातून वाहत यायचा.

परवा टॅक्सी थांब्यावर ती दिसली.
स्टोव्ह, काळी कढई, तळलेले मकोएन्या,
पाठीशी ब्लँकेटात बांधलेलं
इवलंसं, कुरकुरणारं काहीतरी.
सुटे पैसे मोजताना बोटं पाहिली:
निळा रंग वाढत वाढत टोकाला गेलेला,
नखांच्या कडेला उरलेली बारीक कोर.
दोनदा कापली की संपेल.

ओळखलं तिनं मला. रागावली नाही.
कागदात दोन बांधले, एक वर टाकला,
आणि सहज, गिऱ्हाइकाला हवापाणी विचारावं तसं:
त्या दिवशी, शेवटी
काय सांगितलंस त्यांना?

मी घाईनं एक तोंडात कोंबला.
कढईतून नुकताच निघालेला.
जीभ भाजली.
चावत राहिलो.