खड्डा : आहे / नाही

पाचपावलीच्या फाटकापलीकडे, तिसऱ्या बोळात
टॅबवरचा निळा ठिपका थरथरतो, थांबतो.
इथंच.
दारात चपलांचे सात जोड,
एकही माझ्या वितीएवढा नाही.

नाव विचारलं.
"बेबीनंदा निनावे."
टाइप केलं, तर टॅब म्हणाला, खात्री आहे का?
ती हसली, "आडनावच हाय बाई आमचं,
कितीदा सांगावं सरकारले."

योजना कागदावर सोपी आहे.
आई कामाला जात असेल
आणि पाळणाघर पास असेल
तर अर्धी फी आईच्या खात्यात.
पास करायला मी,
अकरा महिन्यांच्या करारावर,
टेप, टॅब आणि पाण्याची बाटली घेऊन.

खोली बारा बाय दहा.
एक कूलर, त्यात पाणी ओतायला तेलाचं डबडं.
भिंतीवर खडूनं हिशेब,
मेयोत फरशी पुसणारीचे सहाशे आले,
हिंगण्याच्या कारखान्यातलीचे चारशे, बाकी दोनशे,
पेट्रोल पंपावरच्या रज्जूपुढे
नुसतं "पुढच्या महिन्यात",
सलग तीनदा.

टेपचं टोक धरायला एक पोट्टं पुढं आलं.
भिंत मोजून झाली तरी सोडेना.
"मले बी मोज."
मोजलं. ब्याण्णव सेंटिमीटर.
टॅबमध्ये त्याला रकाना नव्हता,
मी तळहातावर लिहून घेतलं.

इथं तर तीनच दिसतात. बाकीचे?
बेबीनंदानं जुनं लुगडं बाजूला सारलं.

मागाचा खड्डा.
तिच्या सासऱ्यानं आणि चुलतसासऱ्यानं
शेजारी शेजारी पाय सोडून
चाळीस वर्षं लुगड्यांचे काठ विणले इथं.
माग भंगारात गेले.
खड्डे कोण विकत घेईल?
मधली माती काढून तिनं दोहोंचा एक केला,
शेणानं सारवला, खाली ओली वाळू, वर गोधडी,
आणि त्यात पायांत पाय अडकवून
चार पोट्टे गाढ.

बाहेर सेहेचाळीस.
मी आत हात घातला,
माठात घालावा तसा.
लवकर काढवेना.

प्रश्न क्रमांक एकोणीस.
खड्डा, विहीर, उघडी नाली : आहे / नाही.
"आहे" दाबलं की पान लाल होतं
आणि खालचं बटण मरतं.
सात घरांचे पैसे त्या बटणापाशी उभे.

मला माझी ओवी आठवली,
मनीषनगरात कुणाच्या तरी बेडरूममध्ये
एसीत, मोबाइलसमोर.
माझे अकरा हजार, त्यातले साडेचार तिकडे जातात.
मीही अर्ज केला होता.
शेरा आला, अर्जदार योजनेचीच कर्मचारी, सबब नामंजूर.

"काहून बाप्पा, अशा पाहून राहिल्या?
पाणी देऊ का?"

"फळ्या आहेत?"
"कायच्या फळ्या?"
"वरून टाकायला. मी चारला परत येते."

चारला फळ्या होत्या.
मागाच्याच असाव्यात, एकीच्या खाचेत अजून
निळ्या सुताचा गुंता.
वर सातही पोट्टे ओळीनं झोपवलेले, घामेजलेले,
एक रडत होतं, बाकीचे त्याच्याकडे बघत
रडावं की नाही ते ठरवत.
ब्याण्णववालं टक्क जागं.
फोटो घेतला. अक्षांश, रेखांश, वेळ.
"नाही" दाबलं.
पान हिरवं झालं.
बेबीनंदानं अंगठा दिला, मग विचारलं,
"झालं न?"
झालं म्हटलं.

स्कूटीला किल्ली लावली तेवढ्यात
आतून लाकूड लाकडावर घासलं.
एक फळी.
मग दुसरी.
तिसरीला वेळ लागला, जड असावी.
मी मागं वळून बघितलं नाही.
तळहातावरचा आकडा फुटत चालला होता,
नऊ राहिला, दोन गेला.

रडणं थांबलं,
तेव्हा गाडी सुरू केली.