कच्चा रंग

कारखान्यातून आलो की मी आधी हात धुतो,
कोपरापर्यंत, दोनदा.
तरी नखांच्या कडेला निळं उरतंच.
सत्तावीस वर्षं चादरींना रंग देतोय
अक्कलकोट रोडच्या डायहाऊसात.
तिथलं काहीही घरी आणायचं नाही,
ना कॉस्टिक, ना हायड्रो, ना त्यांच्या रिकाम्या बरण्या.
घरात मी घातलेला हा एकच नियम.

म्हणून सुप्रजानं स्वयंपाकघरात डायहाऊस काढलं.
तिचा नियम माझ्याहून कडक.
जे पोटाला चालतं तेच वाटीत,
आणि प्रयोगातलं मात्र पोटात नाही.
हळद, लिंबू, खायचा सोडा,
गुंडलाकाकूंच्या कुंडीतली दोन लाल जास्वंदं, विचारून.
पाणी एक फुलपात्र.
नळ आता शुक्रवारी येणार.
"नान्ना, तेवढं पुरतं," म्हणते.

जास्वंदाच्या पाकळ्या कोमट पाण्यात चुरल्या.
पाणी जांभळट झालं, जरा मळकंच.
अर्धं या वाटीत, अर्धं त्या.
इकडे लिंबू पिळलं, गुलाबी.
तिकडे चिमूटभर सोडा, हिरवं.
"जादू!" धाकटा वेंकटेश ओरडला.
"जादू उद्या होईलच असं नाही," ती म्हणाली,
"हे उद्याही होतं. घे, तू कर."
त्यानं चिमटीऐवजी चमचा घेतला
आणि वाटी चुकवली.
लिंबाचं पाणी फसफसत ओट्यावरून
शेंगाचटणीच्या डब्याखाली शिरलं.
त्याच्या आईनं फक्त डबा उचलला.
हे मी मोठ्या मनाचं लक्षण समजतो.

मग टॉवेलचं प्रकरण.
पांढरा, सेकंड क्वालिटीचा,
काठाला एक धागा सुटला म्हणून घरी आलेला.
त्यावर पप्पूचा, म्हणजे आमच्या वरणाचा, डाग.
बायकोनं साबण लावला आणि डाग लाल झाला,
चांगला रक्तासारखा.
"कुणाला लागलं?" ती दचकली.
सुप्रजा लिंबाची फोड घेऊन धावली.
लाल होतं ते पिवळं झालं.
पुन्हा साबण, पुन्हा लाल.
मोरीच्या कडेला उकिडवा बसून
सत्तावीस वर्षांचा रंगारी म्हणाला,
"अजून एकदा."

आमच्या धंद्यात कच्चा रंग ही शिवी आहे.
गिऱ्हाईक ओला अंगठा घासून बघतं,
अंगठ्याला लागला की गठ्ठा परत.
मी रंगाला आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली,
धरून बस.
आणि ही पोरगी कच्च्या रंगाशी गप्पा मारत होती,
हे आंबट का रे? हे बुळबुळीत का?
आणि तो उत्तर देत होता, दर वेळी, तेच,
न कंटाळता.

डाग मात्र जाईना.
"आता शेवटचं औषध," ती म्हणाली,
"फुकट आहे, आणि आपल्या गावात लागेल तेवढं."
एप्रिलची दुपार, गच्चीवर पाय ठेववेना.
ओला टॉवेल तिनं पत्र्यावर पसरला,
अर्ध्या डागावर स्टीलची ताटली पालथी घातली,
वर वीट.
"ताटली कशाला?"
"नाहीतर उन्हानंच केलं हे कसं कळणार?"
मला हे कुणी विचारायला शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताटली उचलली.
उन्हातला अर्धा पांढरा.
सावलीतला अर्धा पिवळा, काठ गोल,
एकादशीच्या चंद्राला कुणी घडी घातल्यासारखा.
ती वहीत वेळ लिहीत होती.
मी सहज माझी नखं उन्हात धरली,
मावळतीच्या, उरलेल्या.
निळं जागचं हललं नाही.
पक्कं काम आहे माझं.

टॉवेल अजून वापरात आहे.
घडी घालताना बायको तो डाग आत घेते,
पोरगी बाहेर.