मुक्कामाचा हेतू

पत्र दोन ओळींचं होतं.
'आपल्या मुक्कामाचा हेतू पुरेसा स्पष्ट होत नाही.'
खाली सही म्हणून एक रेघ.
आणि दुब्रोव्हनिकची तिकिटं, पैसे परत न मिळणारी,
फ्रिजवर, चुंबकाखाली.

मँचेस्टरला जाऊन बोटांचे ठसे दिले होते तिघांनी,
बँकेची सहा महिन्यांची पानं, घराचा करार,
शाल्मलीच्या शाळेचं पत्र, की ही इथंच शिकते
आणि इथंच परत येईल.
एका रकान्यात विचारलं होतं: कशासाठी जाता?
मी लिहिलं, तटावरून चालायला.
निनाद म्हणाला, अगं, नुसतं पर्यटन लिही.
मी खोडलं नाही.
बहुधा तिथंच माशी शिंकली.

म्हणून शनिवारी चेस्टर.
क्रूहून गाडी, डब्यात दशम्या,
कानात बोळे घालून बसलेली पंधरा वर्षांची मुलगी.
घड्याळाच्या कमानीपाशी जिना चढलो
आणि उजवी घालून निघालो, सवयीनं.

माहेर माझं परांड्याचं.
आमच्या शाळेच्या मैदानाला किल्ल्याची पाठ होती,
चेंडू खंदकात गेला की खेळ संपला.
फांजी, चऱ्या, जंग्या, माची
हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले
आणि वीस वर्षांत एकदाही वापरले नव्हते.
'फांजी म्हणजे?' एक बोळा काढून शाल्मली.
'तटावरची वाट. जिच्यावरून पहारा फिरतो.'
'मग आपण पहारा?'

उत्तरेला खंदकाचा कालवा झालेला.
होडीच्या टपावर बसून एक माणूस कांदा चिरत होता,
डोळे पुसून त्यानं आम्हाला हात केला.
समोरून एक बाई, कुत्रा ओढत,
रोज उलटीच फेरी घालते म्हणाली,
म्हणजे सगळ्यांचे चेहरे दिसतात.
वेशी चार मोजल्या. एकीलाही दार नव्हतं.
निनादनं बोलायला तोंड उघडलं,
मग दशमीचा घास घेतला.

नदीच्या बाजूला त्या पायऱ्या आहेत,
दम न सोडता वर, खाली, पुन्हा वर धावलं
तर मनातलं होतं म्हणे.
मी अकराव्या पायरीवर गुडघ्याला शरण गेले.
शाल्मली वर पोचली, लालबुंद, गाल फुगवलेले,
आणि काय मागितलं ते सांगितलं नाही.
विचारलंही नाही आम्ही.
क्रूपर्यंत बोळे मात्र खिशातच होते.

रात्री फॉर्म पुन्हा उघडला.
नाव, जन्मगाव, आधी नकार मिळाला होता का: होय.
त्या रकान्याशी येऊन थांबले.
पायातले बूट काढायचे राहिले होते.
इथला दगड मऊ, हाताला लागतो, पायाला लागतो;
डावा बूट झटकला तर
चमचाभर लाल वाळू
फरशीवर.