यादीबाहेरचं पाणी

केरोबीनने काजूच्या पेटीवर नकाशा पसरला
आणि उडू नये म्हणून कोपऱ्यांवर ठेवले
एक रील, दोन उंडे, माझा चष्मा.
आमठाणे, तो म्हणाला, पहाटे पाचला.
तिथे मगर आहे, मी म्हणालो.
मगर आहे म्हणजे मासा आहे,
असं म्हणून त्याने आमठाण्याभोवती पेन्सिलीने गोल काढला.

मग अंजुणे. घाटावरून उतरणारी थंडी,
स्वेटर घे, मागच्या वेळी तुझे दात वाजले
आणि हाताशी आलेली मरळ गेली.
दुपारी फोंड्याला मिरचीभजी,
रात्र सांग्यात, त्याच्या मेव्हणीकडे,
सोमवारी साळावली.
बांधापासून लांब बसायचं, परवाना खिशात,
परवान्यावर शिक्का,
शिक्क्यासाठी माझ्या दोन फेऱ्या झाल्यात:
पहिल्या फेरीत साहेब जेवायला गेलेले,
दुसऱ्या फेरीत बदलून.

आमिष शाबीकडे.
शिळा उंडो, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग.
हिंग कशाला, हे त्याच्या आजोबांना विचारायला हवं होतं.
गांडुळं केळीच्या बुंध्याखालची, मातीसकट,
डबा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही
(हे यादीत दोनदा आहे, दुसऱ्यांदा शाबीच्या बायकोच्या अक्षरात).

मग मी पेन्सिल मागितली.

पाळीच्या पुढे नकाशा नुसताच तांबूस होता.
सुलक्षाने फोनवर वरून काढलेला फोटो दाखवला,
लाल मातीत एक हिरवा डाग,
कुणी दौत लवंडून तशीच ठेवल्यासारखा.
हे कुठलं धरण, बाबा?
धरण नव्हे ते. माझी खाण.

एकोणीस वर्षं मी तिथे टिपर उतरवला,
पहिल्या गिअरमध्ये, बेंचमागून बेंच.
तळाशी पंप रात्रंदिवस पाणी उपसत,
वर गावातल्या विहिरींचे कठडे कोरडे पडत
आणि आम्ही म्हणायचो, पगार तर होतोय.
मग खाण बंद झाली. गाड्या उभ्या राहिल्या, हप्ते नाही.
पंप थांबले त्या रात्री
पाणी निघालं असणार वर यायला,
शिक्का नाही, साहेब नाही.

किती खोल? केरोबीनने तंगूस सोडवता सोडवता विचारलं.
मला मीटरमध्ये येत नाही.
सात बेंच, सात वळणं.
चौथ्या वळणावर गोकुळदास गाडी आडवी लावून
तंबाखू मळायचा, मागून हॉर्न वाजले तरी
चुना नीट लागेपर्यंत हलायचा नाही.
आता तो तिथे असता
तर त्याच्या डोक्यावरून बारा पुरुष पाणी.
तो तिथे नाही. वाळपईच्या दवाखान्यात गेला, छातीने.

मासे असतील?
शाबी म्हणाला, बगळ्याच्या पायाला चिकटून अंडी येतात.
केरोबीन म्हणाला, त्या पाण्यात लोखंड आहे, गळ गंजेल.
गंजू दे, मी म्हणालो,
आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
शाबीने एक उंडा उचलला, खाल्ला,
नकाशाचा तो कोपरा आपोआप गुंडाळला गेला.

येताना, केरोबीन शेवटी म्हणाला,
सोमवारी येताना, अर्धा तास, उजेड असला तर.
नाव काय लिहू?
नाव नव्हतं. कंपनीचं होतं, तिचा फलकही कुणीतरी पत्र्यासाठी नेला.
लीजचा नंबर होता फक्त,
रोज गेटवर ट्रिपच्या चिठ्ठीवर लिहायचो तो.
मी सांगितला, न अडखळता.
त्याने तो लिहिला चहापूड आणि काडेपेटी यांच्यामध्ये,
थोडा वेळ त्याकडे बघितलं,
मग खाली आणखी एक ओळ घातली:
तंगूस, जास्तीची, दोनशे मीटर.